ओट्स पहिल्यांदाच करताय? आधी पोत ठरवा, चव मग

ओट्स नकोत म्हणणाऱ्या माणसाला जरा खोदून विचारलं की कळतं, त्याची चवीबद्दल फारशी तक्रार नसते. ओट्सला स्वतःची चव मुळात बेताचीच. तक्रार असते ती 'गिळगिळीत', 'बुळबुळीत', 'आजाऱ्याचं खाणं' अशी, म्हणजे पोताची. आणि पोत तर करणाऱ्याच्या हातात असतो. पाकीट कोणतं आणलंत, पाणी किती घातलंत, ओट्स गार पाण्यात टाकलेत की आधणात, किती ढवळलंत, यावर सगळं ठरतं. आमच्या घरात बाबांना ते सरसरीत लागतात, मला मोकळे आणि फोडणीचे, लेकीला फ्रिजमधले गार. पाकीट एकच.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, वजनासाठी, किंवा घरापासून लांब एका शेगडीवर सकाळ काढायची म्हणून जे आता सुरू करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम पाळा, निदान पहिले दोन आठवडे.

१. पाकिटाची मागची बाजू वाचा

निम्मे ओट्स दुकानातच बिघडतात. मांडणीवर सगळ्या पाकिटांवर वाडग्याचंच चित्र असतं, आत मात्र वेगवेगळ्या वस्तू असतात.

*रोल्ड ओट्स:* सोललेला दाणा वाफवून रुळांखाली चपटा केलेला. पाकळी मोठी, अखंड, जराशी जाड. मंद आचेवर पाच ते सात मिनिटं लागतात. नवख्याने हेच घ्यावेत.

*झटपट किंवा इन्स्टंट ओट्स:* दाण्याचे आधी तुकडे केलेले आणि मग जास्त पातळ लाटलेले. दोन-तीन मिनिटांत शिजतात आणि चौथ्या मिनिटाला त्यांचा लगदा होतो. पाकिटावर नुसतं 'ओट्स' एवढंच लिहिलं असेल तर शिजवण्याचा वेळ बघा. 'तीन मिनिटांत तयार' असेल तर हेच. वाईट नाहीत, पण 'गिळगिळीत' हा शेरा बहुतेक वेळा यांनाच मिळतो.

*स्टील कट:* लाटलेलेच नाहीत, पातीने दोन-तीन तुकडे केलेले. दिसायला दलिया. शिजायला पंचवीस-तीस मिनिटं. दाताखाली येणारं काही हवं असेल त्यांच्यासाठी उत्तम, पण पहिल्याच आठवड्यात यांच्या वाटेला जाऊ नका.

*मसाला ओट्सची छोटी पाकिटं:* भूक लागली की खायला हरकत नाही, पण ओट्स शिकायला निरुपयोगी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. त्यात मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) कितव्या नंबरवर आहेत ते बघा. मध-बदाम, स्ट्रॉबेरी वगैरे चवींच्या पाकिटांनाही हाच नियम. तुम्हाला हव्या असलेल्या पाकिटाच्या यादीत एकच शब्द असतो.

मुसळी आणि ग्रॅनोला हे वेगळे पदार्थ. त्यात सुका मेवा आणि बऱ्याचदा भरपूर साखर असते. ते शिजवायला जाऊ नका.

एक इशारा गावाकडच्या वाचकांसाठी. आपल्याकडे ओट रब्बीत गुरांच्या हिरव्या वैरणीसाठी पेरतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रात त्याचं बियाणं स्वस्तात मिळतं. ते खायचं नाही. त्याचं साल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं आणि बियाण्याला औषध चोळलेलं असू शकतं.

पहिलं पाकीट लहान घ्या. एकावर एक फुकटच्या मोहात पडून आणलेलं मोठं पाकीट डब्यात खवट होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

२. काय काय लागेल

- जाड बुडाचं पातेलं, वाटतं त्यापेक्षा मोठं. ओट्स दुधाइतक्याच सहज उतू जातात.
- एकच ठरलेली वाटी. ओट्स आणि पाणी दोन्ही तिनेच मोजायचं.
- लाकडी डाव किंवा उलथनं.
- झाकण.
- मीठ. गोड करणार असलात तरीही.

बाकी सगळं घरात असतंच. वजनकाटा असला तर एकदाच, वाटीत किती ग्रॅम ओट्स बसतात ते पाहण्यापुरता वापरा.

३. प्रमाण पाठ करा, पाककृती नको

एका माणसाच्या नाश्त्याला ४० ग्रॅम कोरडे ओट्स पुरतात. दिसायला ते फारच कमी वाटतात, म्हणून हात सैल सुटतो आणि पातेलंभर होतात. मग घरातला प्रत्येक जण दुपारपर्यंत तेच खातो आणि ओट्सचं नाव टाकतो.

रोल्ड ओट्सच्या एका वाटीला:

- मोकळे, उपम्याचे: पाऊण ते एक वाटी पाणी
- घट्टसर, चमच्यात उभे राहणारे: दोन वाट्या
- सरसरीत: अडीच वाट्या
- पेजेइतके पातळ: तीन ते साडेतीन वाट्या

झटपट ओट्स असतील तर यातलं थोडं पाणी कमी करा.

इथला मोठा सापळा म्हणजे आळणं. गॅसवरून उतरवताना बरोबर वाटणारे ओट्स ताटलीत येईपर्यंत आळतात आणि दहा मिनिटांनी त्यांची वडी पडते. तेव्हा हवे त्यापेक्षा थोडे सैलच उतरवा. उशिरा उठणारं कुणी घरात असेल तर कपभर गरम पाणी बाजूला ठेवा.

४. पहिले सात दिवस साधे करा: पाणी, मीठ, ओट्स

कंटाळवाणं वाटेल. पण तुम्हाला कोणता पोत आवडतो हे केळं, मध, चॉकलेट, बदाम यांच्या गर्दीत कधीच कळत नाही. स्कॉटलंडमध्ये, जिथे ओट्स हे पिढ्यान्‌पिढ्यांचं रोजचं अन्न होतं, तिथे पारंपरिक पद्धत एवढीच आहे. तिथल्या कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून पॉरिजची, म्हणजे शिजवलेल्या ओट्सची, जागतिक स्पर्धा भरते, आणि तिच्या मुख्य गटात ओट्स, पाणी आणि मीठ याखेरीज काही घालायची परवानगी नाही. एवढ्यावर स्पर्धा होऊ शकते, याचा अर्थ एवढ्यातही चांगलं-वाईट असतं.

पद्धत:

(अ) पातेल्यात ओट्स कोरडेच मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजा. रंग बदलायला नको, खमंग वास आला की पुरे. ही पायरी वेळखाऊ वाटते म्हणून बहुतेक जण गाळतात आणि मग ओट्सना पुठ्ठ्याची चव येते म्हणतात.

(आ) आता दोन रस्ते. मऊ, मलईदार हवे असतील तर भाजलेले ओट्स जरा निवू द्या, गार पाणी घाला आणि मग आच लावा. दाणा सुटा हवा असेल तर वेगळ्या भांड्यात पाण्याला आधण आणा आणि त्यात ओट्स सोडा. एवढ्याशा बदलाने दोन वेगळे पदार्थ होतात. आज एक करा, उद्या दुसरा.

(इ) चिमूटभर मीठ. मिठाशिवाय ओट्स अळणी भातापेक्षाही अळणी लागतात, आणि मग ती उणीव भरून काढायला माणूस साखर ओतत जातो.

(ई) रटरटायला लागले की आच मंद. जितकं ढवळाल तितकं पिठूळपण सुटून ते एकजीव होतील. मोकळे आवडणाऱ्यांनी दोनदाच हलवावं, खाली लागू नये एवढ्यापुरतं.

(उ) पाच ते सात मिनिटांनी गॅस बंद, झाकण, तीन मिनिटं वाफ जिरू द्या.

मायक्रोवेव्ह असेल तर खोल वाडगा घ्या, निम्माच भरा, दर मिनिटाला थांबवून ढवळा. नाहीतर नाश्त्याआधी काचेची थाळी पुसण्याचा कार्यक्रम होतो.

कोकणात, गोव्यात ज्यांच्याकडे अजून सकाळी पेज होते, त्यांना हे साधे ओट्स सगळ्यात लवकर आवडतात असं मी पाहिलं आहे. जिभेला ती सवय असतेच. वर मिठातली तोर (कोवळी कैरी) किंवा लोणच्याची फोड घेतली की त्यांना काही शिकवावं लागत नाही.

५. बुळबुळीतपणा धुऊन काढू नका

काही जण ओट्स भिजवतात, खळाखळा धुतात, गाळणीत निथळतात आणि मग शिजवतात. असे व्हिडिओही फिरतात. कृपा करून हे करू नका. ओट्समधला तो चिकटपणा मुख्यतः बीटा-ग्लुकन नावाच्या, पाण्यात विरघळणाऱ्या तंतूमुळे (फायबर) येतो, आणि डॉक्टर ओट्स खा म्हणतात ते बहुधा त्याच्याचसाठी. रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवायला तो मदत करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयाच्या आरोग्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशेबाने. ४० ग्रॅम ओट्समधून त्यातलं साधारण निम्मं मिळतं.

म्हणजे ज्याची तक्रार तेच औषध. ते न टाकता तोंडाला कमी कसं जाणवेल, एवढंच बघायचं. त्याचे उपाय तीन: आधी भाजणं, पाणी कमी ठेवणं, आणि सोबत काहीतरी कुरकुरीत किंवा आंबट घेणं. आंबटाचं महत्त्व लोकांना पटत नाही, पण लिंबाच्या चार थेंबांनी घासच बदलतो.

६. गोड खाणार की तिखट?

हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. सकाळी सकाळी गोड जात नसेल तर फोटोत छान दिसतं म्हणून केळं-मधाचे ओट्स करू नका, चार दिवसांत सुटतील. मराठी घरातला नाश्ता बहुतांशी तिखटमिठाचा असतो. ओट्सनीही त्याच रांगेत बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

*मेतकूट-तूप:* घट्टसर साध्या ओट्सवर चमचाभर मेतकूट, अर्धा चमचा साजूक तूप, बाजूला पोह्याचा भाजलेला पापड. ज्यांना ओट्स म्हणजे परकं काहीतरी वाटतं अशा ज्येष्ठांना हेच आधी द्या.

*दही-ओट्स:* घट्ट शिजवून पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना दही घातलं तर पाणी सुटतं आणि आंबटपणा वाढतो. मग गोडसर दही, थोडं दूध, मीठ, किसलेली काकडी. वरून तुपात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि तळलेली सांडगी मिरची चुरून. उन्हाळ्यात डब्यात न्यायलाही चालतात, फक्त दही ऑफिसात पोचल्यावर घाला.

*ओट्सचा उपमा:* इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात, म्हणून सविस्तर सांगते. रव्याच्या उपम्याचं पाणी डोक्यातून काढून टाका. रवा दुप्पट-तिप्पट पाणी पितो. मोकळ्या ओट्सना एवढं पाणी चालत नाही. एक वाटी रोल्ड ओट्स कोरडे, चांगले पाच मिनिटं भाजून ताटात काढा. त्याच कढईत तेल, मोहरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा. गाजर, मटार, फरसबी जे काही घालायचं ते इथेच पूर्ण शिजवून घ्या, कारण ओट्स पडल्यावर भाजीला वेळ मिळत नाही. मग पाऊण वाटी पाणी, मीठ, थोडी साखर. उकळी आली की ओट्स घाला, एकदा खालीवर करा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं. गॅस बंद. झाकण आणखी दोन मिनिटं काढायचं नाही. मग काट्याने मोकळं करा, डावाने घोटू नका. लिंबू, ओलं खोबरं, कोथिंबीर. कोरडे वाटले तर पाण्याचा शिपका द्या. ओले झाले तर मात्र इलाज नाही, खिचडी म्हणून वाढा. झटपट ओट्स असतील तर मोजून पाणी न घालता नुसते शिपके देत जा.

ओट्सचे कांदेपोहे करायच्या फंदात पडू नका. पोहे भिजवून निथळतात तसे ओट्स निथळत नाहीत.

*मुगाची खिचडी:* डाळ आधी कुकरला लावून मऊ करा, ओट्स शेवटच्या पाच मिनिटांत. दोन्ही एकत्र कुकरला लावलंत तर डाळ शिजेपर्यंत ओट्सचं पीठ होतं.

गोड आवडणाऱ्यांसाठी दोनच सूचना. दुधात करायचे असतील तरी आधी पाण्यात शिजवा आणि दूध शेवटी घाला. सुरुवातीपासून दुधात केले तर खाली लागतात आणि घट्ट होतात. आणि गूळ उकळत्या दुधात टाकायचा नाही, दूध फाटतं. गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, मग गूळ. खजूर चालतो, सफरचंद किसून तुपावर परतून दालचिनीबरोबर फारच चांगलं लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या वाटीत मध घालू नका.

दूध आणि मीठ एकत्र करू नये असं मानणारी आजी घरात असेल तर वाद घालू नका. गोड ओट्समधलं मीठ वगळा आणि त्याऐवजी वेलदोडा-जायफळ सढळ हाताने घाला.

७. रात्री भिजवलेले ओट्स

सकाळी सात वाजता लोकल पकडणाऱ्यांसाठी हेच खरं सोयीचं. रोल्ड ओट्स कारखान्यात वाफवलेले असतात, म्हणून न शिजवता भिजवून खाता येतात. एक भाग ओट्स, एक भाग दूध किंवा ताक, अर्धा भाग दही, चिमूटभर मीठ. झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर नाही, आपल्या हवेत सकाळपर्यंत ते आंबतात. झटपट ओट्स यासाठी नकोत, चिखल होतो. स्टील कट भिजूनही कचकचीत राहतात.

ही कल्पना मुळात स्वित्झर्लंडची. झ्युरिकचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांसाठी मुसळी सुरू केली, आणि त्यात किसलेलं सफरचंद मुख्य होतं, भिजवलेले ओट्स चमचाभर. आपण ते प्रमाण उलटं करून टाकलं आहे. एकदा मूळ प्रमाणाने करून बघा. सफरचंदाऐवजी पेरू किंवा डाळिंबही चालतं.

८. स्टील कट, जमायला लागल्यावर

थेट कुकरमध्ये शिजवू नका. फेस शिट्टीत अडकतो. भाताचा डबा असतो तसा डबा घ्या, एका भागाला साडेतीन भाग पाणी, डबा निम्म्याहून जास्त भरायचा नाही, अर्धा चमचा तूप. चार शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. तुमच्या कुकरप्रमाणे एखादी शिट्टी कमीजास्त. तीन-चार दिवसांचे एकदम करून फ्रिजमध्ये ठेवता येतात, पण तेवढ्यात संपवा.

९. पोट, पथ्य, गोळ्या

अचानक रोज मोठा वाडगा खाल्लात तर पोट फुगेल, वारा धरेल. पहिला आठवडा निम्म्या वाटीवर काढा आणि दिवसभर पाणी नीट प्या.

४० ग्रॅममध्ये साधारण १५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, ४ ग्रॅम तंतू आणि २७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. शेवटचा आकडा मधुमेहींनी वाचावा. ओट्स म्हणजे साखर वाढतच नाही असं नाही. झटपट ओट्सनी ती जास्त भराभर चढते, आणि वरचा मध, मनुका, केळं हिशेबात धरावंच लागतं. प्रथिनं बेताची आहेत, तेव्हा शेंगदाणे, दही, अंडं, काहीतरी सोबत हवंच. नाहीतर साडेदहाला भूक लागते आणि दोष ओट्सना जातो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी घेऊन अर्धा ते एक तास थांबावं, मगच ओट्स. तंतूंमुळे गोळी नीट शोषली जात नाही. सिलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार असणाऱ्यांनी 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलंच पाकीट घ्यावं, कारण साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळलेला असू शकतो. काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, त्यामुळे सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

१०. साठवण आणि उरलेलं

ओट्समध्ये इतर धान्यांच्या मानाने तेल जास्त, १०० ग्रॅमला सहा-सात ग्रॅम. म्हणून ते खवट होतात. पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सरळ फ्रिजमध्ये. शिजवलेले ओट्स कडवट लागले तर मसाले वाढवत बसू नका, डबा हुंगून बघा. जुन्या तेलाचा वास आला तर टाकून द्या.

शिजवलेले रोल्ड ओट्स उरले तर दुसऱ्या दिवशी गरम करून खाऊ नका, ते कितीही पाणी घातलं तरी पूर्वीसारखे होत नाहीत. त्यात मावेल तेवढी भाजणी, बारीक चिरलेला कांदा, तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर घालून मळा. पाणी वेगळं लागत नाही. थालीपीठ थापताना मधे भोक पाडा, कडेने तेल सोडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. ओट्समुळे ते आतून ओलसर राहतं, तेव्हा नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त द्या आणि लोण्याबरोबर गरमच वाढा.